ढब्बूची चूक

घड्याळजींचा ढब्बू म्हणजे चोर आला तर त्यालाही शेपूट हलवत घर दाखवील, अशी त्याची ख्याती. म्हणून बायकोनं कुत्र्याच्या चाव्याचा विमा उतरवला, तेव्हा घड्याळजी पोट धरधरून हसले होते. "अगं, हा मेला हाडसुद्धा नीट चावत नाही!"

"असू द्या हो," ती म्हणाली होती. "उद्या कुणाला काही झालं, तर तोंड लपवत फिरायचं का आपण?"

पुढं ती आजारात गेली. घरात घड्याळजी आणि ढब्बू, दोघंच उरले.

आणि मेला चावला तो कुणाला? शेजारच्या शिवणवाल्या ताईला! रस्त्यावर धाडकन टायर फुटला, ढब्बू बिथरून उघड्या फाटकातून सुटला आणि समोरून येणाऱ्या ताईचा उजवा अंगठाच त्यानं धरला. आतली शीर तुटली. ऑपरेशन झालं नाही तर सुई धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

विमावाला चौकशीला ताईच्या घरी आला. घड्याळजी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते.

"कुत्रा विनाकारण चावला असेल, तर ऑपरेशनचा खर्च कंपनी देईल," तो म्हणाला. "पण मग तो धोकादायक ठरतो. नगरपालिका त्याला ठेवत नाही. इंजेक्शन देते."

"आणि मीच खोडी काढली असेल तर?" ताईनं विचारलं.

"तर तुम्हाला काही मिळणार नाही. कुत्रा मात्र वाचेल."

"मग लिहा. तो खात होता, मी ताटलीत हात घातला. मलाच अवदसा आठवली!"

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलावं, पडलाच. मग ताई सही करायला गेली. पेन अंगठ्यातून घसरलं. तिनं ते डाव्या हातात घेतलं, कागदावर वाकडीतिकडी रेघ ओढली आणि उगाच हसली. तिच्या टाक्यात उभ्या जन्मात कुणी खोट काढली नव्हती.

"साहेब, ती खोटं बोलतेय," घड्याळजी म्हणाले. "तो खात नव्हता. फाटक मी उघडं टाकलं होतं."

"भाऊ, गप्प बसा!"

"तुझा हात घालवून मला कुत्रा नको, ताई."

"पण तुम्हाला विचारलं होतं कुणी?" ताई रडायलाच लागली. "वहिनी गेल्यावर तुम्ही अन्नाला शिवत नव्हता. तो समोर येऊन बसायचा, तेव्हा कुठे दोन घास घ्यायचात. आता काय करणार आहात?"

घड्याळजींनी तिच्या सहीचा कागद उचलला आणि फाडून टाकला.

कंपनीनं पैसे मंजूर केले. ऑपरेशन ठरलं, आणि त्याआधीच नगरपालिकेची गाडी दारात आली. ताई घरातून बाहेर आली नाही.

घड्याळजींनी खुंटीवरचा पट्टा काढला. तो दिसताच ढब्बू हरखला. फिरायला जायचं म्हणून घरभर नाचला, आणि मग त्यानं आपण होऊन मान पुढं केली.