निळ्या टबाने पाहिलेली वर्गवारी

मित्रांनो, मी एक जुना निळा टब आहे. माझा एक कान तुटलेला आहे आणि तळाला इतके ओरखडे आहेत की निळा रंग आता शोधावा लागतो.

माझा जन्म इथिलीन नावाच्या वायूपासून झाला. कारखान्यात या वायूचे सुटे रेणू एकामागोमाग एक जोडले गेले आणि हजारो कड्यांच्या लांब साखळ्या तयार झाल्या. अशा पदार्थाला बहुवारिक म्हणतात. माझ्या साखळ्या सरळ आहेत, त्यांना फांद्या जवळजवळ नाहीत. म्हणून त्या दाटीने बसतात आणि मी ताठ राहतो. माझ्याच कुळातल्या पातळ पिशवीच्या साखळ्यांना मात्र फांद्या फार, म्हणून ती मऊ.

पण दाटीने बसल्या, तरी माझ्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत. तापवलं की त्या घसरू लागतात आणि मी वितळतो. थंड झालो की पुन्हा घट्ट होतो. आम्ही उष्मामृदू. कुकरच्या काळ्या मुठीचं तसं नाही. तिच्या साखळ्या आडव्या दुव्यांनी कायमच्या जखडलेल्या असतात. ती करपेल, पण वितळणार नाही. तिला उष्मादृढ म्हणतात. मला कधीकधी तिचा हेवा वाटतो. तिच्यात निदान कुणी कुणाला सोडत नाही.

एका घरात सहा वर्षं माझ्यात कपडे भिजले. कान तुटला, तसा मी भंगारात गेलो आणि प्लॅस्टिक वितळवणाऱ्या एका शेडमध्ये पोहोचलो. तिथे वर्गवारी करणाऱ्या मावशीने मला ढिगातून ओढून काढलं. "एक कान गेला तर काय झालं? पाणी तर धरतोस ना," ती म्हणाली. तेव्हापासून मी तिचा झालो.

मावशी शेडच्या मागच्या भिंतीशी एकटीच बसायची. मशीनच्या आवाजात बाकीच्यांशी बोलणं व्हायचं नाही, म्हणून ती माझ्याशी बोलायची. मला पाण्याने भरून ती एकेक तुकडा आत टाकी. माझ्या कुळातले तरंगत. पाइपांसाठी वापरतात ते पीव्हीसी जड, त्याचे तुकडे बुडत. शंका आली की ती तुकड्याचा कोपरा काडीने पेटवून विझवायची आणि हलकेच वास घ्यायची. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर तो माझा भाऊबंद. नाकात झोंबला तर पीव्हीसी. "मावशीचं नाक म्हणजे आपली प्रयोगशाळा," मालक पाहुण्यांना सांगायचे. मावशी वर न बघता हसायची.

मग एका तापात ती आठ दिवस आली नाही. परतली तेव्हा मला फरक कळला. ती जळका तुकडा नाकाशी धरून बसायची, पुन्हा पेटवायची, पुन्हा धरायची. एकदा झोंबणारा धूर तिच्या नाकाखालून गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, पण नाक आक्रसलं नाही. तिला कसलाच वास येत नव्हता. तिने कुणालाच सांगितलं नाही. घरात कमावणारी ती एकटीच.

तीन महिने तिने नुसत्या माझ्या पाण्यावर काम निभावलं. एके दिवशी एका जुन्या बाहुलीचा हात आला. पीव्हीसीचा, पण आतून पोकळ आणि दोन्ही टोकांना बंद. आतल्या हवेमुळे तो तरंगला. मावशीने तो क्षणभर हातात फिरवला, काडीपेटीकडे पाहिलं आणि तो तरंगणाऱ्यांच्या पोत्यात टाकला.

दुपारी मशीनमधून तपकिरी, फसफसलेला लगदा बाहेर आला. माझ्या कुळाला वितळायला लागते तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी करपतं आणि त्यातून आम्लाचा वायू सुटतो. मशीनवाला खोकत खोकत बाहेर पळाला आणि पायरीवर बसला.

"उष्णता किती ठेवली होतीस?" मालकांनी विचारलं.

"रोजचीच ठेवली होती, शेठ."

"रोजची असती तर माल करपला असता का? मागच्या महिन्यातही तू असाच निष्काळजीपणा केला होतास. उद्यापासून येऊ नकोस."

मशीनवाल्याला बोलायला श्वास पुरेना. मावशी माझ्या काठाला धरून उभी होती. ती गप्प राहिली असती, तर कुणाला कधीच कळलं नसतं. मला कळलं असतं, पण मी टब आहे.

"भाऊने काही केलं नाही," ती म्हणाली. "माल मी चुकवला. मला वास येत नाही."

"कधीपासून?"

"तापातून उठले तेव्हापासून."

"आणि आज सांगतेस?"

"कुणी विचारलं असतं तर लवकर सांगितलं असतं, शेठ. आपणहून सांगायची हिंमत नव्हती माझी."

मशीनवाल्याला मालकांनी कामावर ठेवलं. मावशीला शेडच्या पुढच्या बाजूला प्लॅस्टिक धुण्याच्या हौदावर बसवलं, तीन बायकांसोबत. पगार कमी, पण आता मशीनच्या आवाजातूनही तिचं हसू कधीकधी मागे ऐकू येतं.

मागे आता मी एकटाच आहे. वर्गवारीला नवीन यंत्र आलं आहे, त्याला पाणी लागत नाही. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाने माझ्या साखळ्या तुटत चालल्या आहेत. बोट लावलं की निळी भुकटी निघते. लवकर वितळवलं तर माझी अजून एखादी नवी वस्तू बनेल.

मित्रांनो, प्लॅस्टिक टाकाल तेव्हा वेगवेगळं करून टाका. पोकळ वस्तू आधी कापा. आणि तुमच्या शेजारी रोज काम करणारं कुणी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नाकाशी, कानाशी किंवा डोळ्यांशी नेताना दिसलं, तर जवळ जाऊन विचारा. मी तीन महिने नुसता पाहत होतो. तुम्हाला बोलता येतं.