कॉलरच्या कारखान्यातला पाळणा

मित्रांनो, माझ्या काठावर दातांच्या खुणा दिसतात, त्या उंदरांच्या नव्हेत. त्या माणसांच्या आहेत, फक्त ती माणसं तेव्हा जेमतेम बसायला शिकली होती. शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यातला मी जुना पाळणा आहे. कारखान्यात पाळण्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

आमच्या कारखान्याचं नाव होतं ते कॉलरसाठी. धुऊन धुऊन शर्ट विरायचा, पण कॉलर ताठ उभी. त्या कॉलरी शिवणारी एक बाई होती. तिला सगळे कॉलरताई म्हणत. तिला मुलगी झाली आणि ती काम सोडायला निघाली. थोरल्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतः तिच्या घरी गेले.

"पगार वाढवतो," ते म्हणाले.

"वाढवा की, मी कशाला नाही म्हणू? पण पोरीला ठेवू कुठे?"

मालक घरी परतले ते विचार करतच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या पेट्यांची फळकुटं सुताराच्या पुढ्यात टाकली आणि माझा जन्म झाला. सुतारानं माझ्या कडा इतक्या घासल्या, की कुठे कुसळ म्हणून राहिलं नाही. शिलाईच्या हॉलला लागून एक उजेडाची खोली होती, ती मला मिळाली. माझ्या शेजारी पायाची एक मशीन आणून ठेवली आणि कॉलरताईनं एक युक्ती केली. तिनं माझी दोरी मशीनच्या पेडलला बांधली. ती कॉलर शिवायची आणि मी आपोआप हलायचो. पोरगी कामाच्या तालावर झोपायची.

पण त्यात एक गोम होती. मशीन थांबली की मी थांबायचो, आणि मी थांबलो की पोरगी टाहो फोडायची. मग कारखान्यात रीतच पडून गेली. आई जेवायला उठली, की शेजारची कोणीतरी येऊन त्या मशीनवर बसायची आणि दोरा न ओवता नुसतं पेडल मारत राहायची. एकदा खुद्द थोरले मालक बसले होते. हिशेब तपासायला आलेले पाहुणे बाहेर ताटकळले, पण मालक काही उठले नाहीत.

त्या पोरीनंतर माझ्यात कितीतरी बाळं झोपली. कोणी गुपचूप झोपायचं, कोणी मला ओलंचिंब करायचं. मला राग येत नसे. उन्हात ठेवलं की मी पुन्हा तयार. कामाला येणाऱ्या नव्या मुली फाटकावरच विचारायच्या, "पाळणा आहे ना अजून?" पगाराचं त्यानंतर. आमच्याकडची शिवणारी माणसं सहसा सोडून जात नसत. थोरले मालक पाहुण्यांना कारखाना दाखवताना आधी माझ्या खोलीत आणायचे. तेव्हा माझी छाती फुगायची. ते कौतुक मला आजही आठवतं आणि आठवलं की जीव हळवा होतो.

मग थोरले मालक थकले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. त्याला वाईट म्हणाल तर मला आवडणार नाही. त्याचं मन चांगलं होतं, फक्त घाई फार. रस्त्यापलीकडे नवा कारखाना निघाला होता आणि आमच्या दोघी-चौघी तिकडे गेल्या होत्या. धाकट्या मालकांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"मोकळेपणानं सांगा, तुम्हाला काय हवंय?"

मग एकीनं थंड पाण्याची मशीन मागितली. दुसरीनं डॉक्टरकडून तपासणी. कोणी सहल, कोणी चहासोबत खायला काहीतरी. त्यांनी एकेक गोष्ट खरोखर दिली. आणि तपासणीसाठी डॉक्टरला खोली हवी म्हणून माझी खोली रिकामी केली. पायाची मशीन भंगारात गेली. मला मागच्या कोठारात नेलं आणि माझ्यात दोऱ्याची रिकामी रिळं भरली. तेव्हा कारखान्यात तान्हं बाळ एकही नव्हतं. शिवाय इतकं सगळं मिळाल्यावर आता कुठल्या तोंडानं कुरकुर करायची, असं सगळ्यांना वाटलं असावं. मला मात्र फार वाईट वाटलं. मी रिळांना झोके देऊन पाहिले, पण रिळांना कुठे झोप येते?

एके दुपारी कोठाराचं दार उघडलं. कॉलरताई आत आली, आता केस पांढरे झालेली. मागोमाग तिची मुलगी. होय, तीच. आईच्या हाताखाली शिकून ती आता आईपेक्षा सफाईदार कॉलर शिवत होती आणि तिला दिवस गेले होते.

"आई, बाळंतपणानंतर मी इथे येणार नाही. पलीकडे बोलून आलेय. तिथे पाळणाघर आहे."

"अगं, आपला पाळणा..."

"कुठाय?"

कॉलरताईनं माझ्याकडे पाहिलं. मुलीनंही पाहिलं. मग मुलगी तिला हव्या त्या बटणांची पिशवी घेऊन निघून गेली. कॉलरताईनं माझ्या काठावरून हात फिरवला. मग पदर खोचून तिनं एकेक रीळ बाहेर काढायला सुरुवात केली.

आवाज ऐकून धाकटे मालक आले.

"ताई, हे काय चाललंय?"

"पाळणा रिकामा करतेय."

कॉलरताईनं त्यांना मुलीचं सगळं सांगितलं. मुलगी गेली तर कॉलर कोण शिवणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"पण मी सगळ्यांना विचारलं होतं. पाळण्याचं नाव एकीनंही घेतलं नाही."

"जे आहे ते कोण मागतं, मालक? आई घरात असते तेव्हा कोणी म्हणतं का, मला आई हवी?"

एक खोकं ओढून धाकटे मालक त्यात रिळं भरू लागले. संध्याकाळपर्यंत मी माझ्या जुन्या खोलीत होतो. डॉक्टर आता पुढच्या कचेरीत बसतात.

धाकटे मालक त्या मुलीच्या घरीही गेले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, पण बधली नाही. "उद्या पुन्हा कुणाला खोली लागली तर?" एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, आता माझ्यात नव्या दोघींची बाळं आळीपाळीनं झोपतात. पेडल नाही, म्हणून दोरी हातानं ओढावी लागते. कॉलरताईचे हात आता बारीक कामाला चालत नाहीत. त्यामुळे दोरी तीच ओढते. मालक मात्र आता कुणाला काय हवं ते विचारण्याआधी विचारतात, "काय काढलं तर चालणार नाही?" तुमच्या घरातही असं काही असेल, जे रोज असतं म्हणून कोणी त्याचं नाव घेत नाही. त्याला अडगळीत टाकण्यापूर्वी एकदा विचारा, एवढीच माझी विनवणी आहे. मागाहून ते परत आणता येतं, पण गेलेली माणसं परत येतीलच असं नाही.

रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात कॉलरताईची नात झोपते. सुटी झाली की ती लगबगीनं तिला पाहायला जाते. जिच्यासाठी तिनं मला रिळांतून बाहेर काढलं, ती पोर मी अजून पाहिलेली नाही.