पवनेत बोलावलेली सिंधू

ज्या नदीचा काठ परदेशात गेला, तिच्यात आपल्या माणसाच्या अस्थी कशा सोडायच्या? वाचकहो, आहे तुमच्याकडे उत्तर? फाळणीची रेघ ओढणाऱ्यांकडे तर नव्हतं.

पिंपरीच्या सिंधी लोकांच्या छावणीत कडुलिंबाच्या फांदीला, लाल फडक्यात बांधलेला अस्थींचा पितळी गडू लोंबत असे. वाऱ्यानं फांदी कुरकुरली की बराकीच्या उंबऱ्यावरची हीरीबाई मान वर करी, जणू नवऱ्यानंच हाक मारली. छावणीतल्या पहिल्याच हिवाळ्यात तो गेला. ‘सिंधूत सोड’ एवढंच मागून गेला. वाट उघडेल म्हणून ती वर्षानुवर्षं थांबली. तिचा चेहरा वैशाखातल्या नदीपात्रासारखा झाला होता. पाणी आटलेलं, वाहिल्याच्या खुणा तेवढ्या शाबूत. मूलबाळ नव्हतं. ओळखीचा शेजार मुंबईकडे पांगलेला. आणि आम्ही गावकऱ्यांनी तिला नाव काय दिलं? निर्वासित!

पौषातल्या एका सकाळी चिंचवडला पवनेच्या घाटावर मी काशीकाकूचं कोरडं लुगडं घेऊन उभा होतो. काकू कुडकुडत, डोक्यावर पाणी ओतत, स्नानाच्या श्लोकातल्या सात नद्यांना बोलावत होती. सिंधूचं नाव आलं आणि शेजारी कपडे धुणाऱ्या हीरीबाईनं तिचा हातच धरला.

“क्या बोला, बहनजी? सिंधू? हमारी सिंधू?”

“अगं, हात सोड! ओलेती उभी आहे मी,” काकू करवादली. “आमची न् तुमची कसली? रोज बोलावते तिला. येते बिचारी, एवढ्या लांबून.”

“रोज आती है?”

“न येऊन सांगते कुणाला!”

दुसऱ्या दिवशी हीरीबाई गडू घेऊन आली. काकूनं श्लोक म्हटला, या वेळी सावकाश. हीरीबाईनं गडू पाण्यावर धरला, पण कितीतरी वेळ तो कलंडेना. सिंधला माघारी जायचं एवढंच कारण तिच्या हातात उरलं होतं. ते सोडलं की ती कायमची इथली होणार होती.

“जाओ, साईं,” ती नवऱ्याला म्हणाली. धुक्याच्या रंगाची राख क्षणभर पाण्यावर रेंगाळली.

देह जातो, आत्मा उरतो, असं काकू सांगत राहिली. मला आत्मा ठाऊक नाही. आता वाट पाहायलाही काही न उरलेली एक बाई पायऱ्या चढून एकटी गेली, एवढं मी पाहिलं. काळ माणसापासून नदी तोडतो. आठवण तिला ओंजळभर पाण्यात बोलावत राहते.

तुमच्या गावातही अशी कुणी असेल. उद्याच जा. तिला तिच्या नदीबद्दल विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठू नका.