सकाळची शाळा, दुपारची शाळा

"मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, हा आईबापांच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर निर्णय असतो," असं सी विंगमधले दत्तप्रसाद सोसायटीच्या फाटकात उभे राहून म्हणाले. "आपण मुलांना शाळा देत नसतो, भविष्य देत असतो." तेवढ्यात त्यांची हिंजवडीची बस आली आणि ते भविष्य वॉचमन दशरथच्या ताब्यात देऊन बसमध्ये चढले.

दशरथपुढे दोन शाळा होत्या. दोन्ही सरकारी, दोन्ही मराठी, दोन्ही फाटकासमोरच्या गल्लीत आणि दोन्ही एकाच इमारतीत. एक सकाळी भरे, दुसरी दुपारी. क्रमांक वेगळे, मुख्याध्यापक वेगळे, कपाटांची कुलपं वेगळी. बाराच्या घंटेनंतर सकाळच्या शाळेचे तक्ते भिंतीकडे तोंड करून उलटे टांगले जात आणि त्यांच्यावर दुपारच्या शाळेचे तक्ते चढत. सकाळचा सिंह दुपारच्या मुलांनी कधी पाहिलेला नव्हता.

कोथरूडमध्ये तोवर ज्याच्या दारात दुचाकी होती, त्याचं पोर इंग्रजी शाळेत गेलं होतं. ज्याच्या दारात चारचाकी होती, त्याचं पोर घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेत गेलं होतं. सरकारी शाळांना पहिलीसाठी मुलं मिळेनात. मुलं कमी पडली की एखादा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि अतिरिक्त शिक्षकाला गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडतात. त्यामुळे मे महिन्यात शिक्षक घरोघर मुलं मागत फिरत. सोसायटीच्या पार्किंगमधल्या खोलीत दशरथची सहा वर्षांची मुलगी सृष्टी राहते, ही बातमी दोन्ही शाळांना एकाच दिवशी लागली.

आधी सकाळच्या शाळेचे मुख्याध्यापक बापूराव गुरुजी आले. बाणेरकडचे, घरची शेती बिल्डरला गेलेली. तरी नोकरी टिकवायची म्हणून उन्हातून चालत आले होते.

"अहो दशरथराव, हायत का घरात?"

दशरथ वर्ध्याकडून पुण्यात आला त्याला बरीच वर्षं झाली होती. या काळात त्याला 'ए वॉचमन', 'ओ शुक शुक' आणि गाडीचा हॉर्न, एवढ्याच नावांनी हाक मारलेली होती. रात्रपाळीनंतरची कामं उरकून, जेवून तो नुकताच आडवा झाला होता. तो उठला, शर्टाची बटणं लावली आणि सोसायटीची प्लॅस्टिकची खुर्ची पुसून पुढे केली.

गुरुजी बसतात न बसतात तोच फाटकात स्कूटी थांबली. दुपारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मराठे बाई. राहायला सदाशिव पेठेत. त्यांनी हेल्मेट काढलं, गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! गुरुजी आज बारानंतरही जागे आहेत."

"सुट्टी हाय बाई."

"सुट्टी नव्हती तेव्हाचंच म्हणते मी."

खुर्ची एकच होती. गुरुजी उठले. बाई बसल्या नाहीत. खुर्ची मधे रिकामी राहिली, आणि थोड्या वेळाने दशरथच तिच्यावर बसला.

बसल्यावर त्याला विचारावंसं वाटलं. दत्तप्रसादांनी मुलाच्या वेळी काय काय विचारलं होतं, ते त्यांनी फाटकात अनेकदा ऐकवलं होतं.

"तुमच्या इथं एका मास्तरामागं पोरं किती?"

"ते मात्र झकास हाय," गुरुजी म्हणाले. "पोरंच न्हाईत. एकेकावर मास्तरचा पुरा डोळा."

"आमच्याकडे त्याहून कमी आहेत," मराठे बाई म्हणाल्या. या बाबतीत मागे राहणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

"आन् शाळेचं व्हिजन?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. "वरच्या मजल्यावरून वेताळटेकडी दिसते," गुरुजी म्हणाले.

"दुपारी जास्त स्वच्छ दिसते," बाई म्हणाल्या. "सकाळी धुकं असतं."

मग दोघांनी एकमेकांच्या शाळेची माहिती दिली. सकाळी मुलं डोळे चोळत येतात आणि प्रार्थनेतच पेंगतात. दुपारी पत्रा तापतो आणि मुलं गणितातच पेंगतात. सकाळचे लोक टाकीतलं पाणी संपवतात. दुपारचे लोक खडूचे तुकडेही शिल्लक ठेवत नाहीत.

दशरथ मान हलवत ऐकत होता. कोणाला तरी त्याचं मत हवं होतं. ते लगेच देऊन टाकायची त्याला अजिबात घाई नव्हती. "पाहून येतो मी," तो म्हणाला. "तुमी दोघंबी इमारत उघडून ठेवा."

तेवढ्यात त्याची बायको जया स्वयंपाकाची कामं आटोपून आली. हात पदराला पुसत तिने सगळं ऐकून घेतलं.

"पोरीनं लघवीले जायाचं कोठी?"

"अवं बाई, मान्सं बोलत हायेत तं..." दशरथ पुटपुटला.

"मंग बाईलेच इचारून रायली ना मी."

गुरुजींचा चेहरा उजळला. संडास होता. नवा होता, फरशी लावलेला होता. तो सकाळच्या शाळेच्या नावावर बांधला गेला होता, म्हणून त्याची किल्ली गुरुजींकडे असे. बारा वाजता शाळा सुटली की गुरुजी कुलूप लावून किल्ली पिशवीत टाकून घरी जात. "जबाबदारी असती," ते म्हणाले. "उद्या एखादी फरशी फुटली तर कुणाच्या नावावर लिवायची?"

"आन् दुपारच्या पोरी?"

मराठे बाई हेल्मेटचा पट्टा चाचपत म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत घरी जाऊन येतात. जवळ राहणाऱ्या."

"तुमी कोठी जाता बाई?"

बाई पुण्याच्या होत्या. उत्तर तयार नाही असं सहसा होत नसे.

"मी घरून निघताना पाणी पीत नाही," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर जयाचं ठरलं. दशरथचं ठरायला आणखी काही दिवस लागले, कारण त्याला ठरवायचं नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून दोन्ही शाळा पाहून आला, म्हणजे एकच इमारत दोनदा पाहून आला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला. दोन्ही वेळा सृष्टीचं बाक दाखवण्यात आलं, आणि दोन्ही वेळा ते खिडकीजवळचं तेच बाक होतं. येताजाता दोघं शिक्षक 'दशरथराव' म्हणत. फाटकात उभा राहून तो इस्त्रीवाल्याला सांगे, "निर्णय मोठा हाये. पोरीचं भविष्य हाये."

शेवटी सृष्टीचं नाव सकाळच्या शाळेत घातलं गेलं. गुरुजींनी पेढा दिला. मराठे बाई फाटकावरून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "योग्य केलंत दशरथराव. मीही तेच केलं असतं."

शाळा सुरू झाली आणि पाऊस जरा स्थिरावला, तेव्हा वरून आदेश आला. दोन्ही शाळांचा पट कमी असल्यामुळे त्या एकत्र करण्यात येत होत्या. वेळ साडेदहा ते साडेपाच. मुख्याध्यापक एकच लागणार होता. बाईंची नोकरी जास्त झालेली होती, म्हणून त्या राहिल्या. गुरुजी अतिरिक्त ठरून येरवड्याच्या शाळेत गेले. जाताना त्यांनी सिंह नेला नाही, तो भिंतीवर आहे. संडासाची किल्ली मात्र पिशवीत होती आणि पिशवी खांद्यावर होती.

कुलूप फोडावं असं जया म्हणाली. फोडलं तर ते कोणाच्या नावावर लिहायचं, असं बाई म्हणाल्या. त्यांनी येरवड्याला पत्र पाठवलं.

सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ड्रायव्हर आणि मोलकरणींसाठी एक संडास आहे. त्याची किल्ली दशरथच्या कमरेला असते. आता मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या मुली रांगेने गल्ली ओलांडून येतात. सर्वांत पुढे सृष्टी असते, कारण वॉचमन तिचा बाप आहे. दशरथ झोपेतून उठतो, कुलूप काढतो आणि शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. 'बाहेरील व्यक्तींनी पार्किंगमधील सुविधांचा वापर करू नये' अशी नोटीस कमिटीने काढली आहे. ती दशरथनेच चिकटवली. ती वाचायला मुलींना अजून वर्ष तरी लागेल.

रांगेच्या शेवटी मराठे बाई असतात. "दशरथ, लवकर उघड रे, घंटा होईल," म्हणतात. अलीकडे त्यांच्या पर्समध्ये पाण्याची बाटली असते.

बापूराव गुरुजी किल्ली परत करायला एकदा दोन बस बदलून आले होते. शाळेला कुलूप होतं, म्हणून फाटकाशी आले.

"माझ्यापाशी देऊन ठेवा ना गुरुजी," दशरथ म्हणाला. "समोरच तं रायतो मी."

"तसं न्हाई करता येत," गुरुजी म्हणाले. "शाळेची वस्तू हाय. वॉचमनकडं कशी देणार? बाईंच्याच हातात द्याया लागंल."

ते परत गेले. त्यांना रविवारीच सुट्टी असते, आणि रविवारी शाळा बंद असते.