मागच्या वखारीतली पोती

"आज एकच पायली ने, भागू. बाकीचं पैसं गाठीला ठेव," मी बहिणीला म्हणालो आणि तांदळाचं माप खाली ठेवलं.

"का रं दादा? म्या शेळी इकून आलेय. चार पायल्या नेते की."

धान्यावरचं सरकारी कंट्रोल उठून दोन वर्षं झाली होती. भोरच्या बाजारात शेठच्या दुकानी मी मापारी होतो, अठरा वर्षं. श्रावण लागला की भागूच्या पासलीकडच्या डोंगरात घरोघरी भाताच्या कणग्या खडखडीत होतात, आणि नवं भात यायला अजून अडीच-तीन महिने असतात. शेठने दुकानात मुद्दाम पाचच पोती मांडली होती. ती पाहून लोक धसका घेत आणि दोन रुपये पायलीचा तांदूळ अडीचला मुकाट्याने नेत. मागच्या वखारीत मात्र दोनशे पोत्यांची थप्पी होती. मीच मोजून लावलेली. मला माहीत नसणार तर कुणाला?

भागूच्या कानाशी लागलो. "वखार तट्ट भरलीय. नवं भात यायच्या आत शेठला ती मोकळी करावीच लागंल. आठ दिसांत भाव दोनाच्या खाली यील. मग ये."

"चंद्री तापातनं उठलीय, दादा. पेजेवर हाय पोर."

"एक पायली पुरंल तवर. आईक माझं."

थोरल्या भावाचं ऐकायची तिला लहानपणापासून सवय. ऐकलं तिने.

चौथ्या दिवशी ट्रक आले आणि सगळा माल मुंबईला गेला. पोती मीच मोजून चढवली. शहाणा मापारी! पोती मोजता येत होती, शेठच्या मनातलं मोजता आलं नाही. आता दुकानातली पाच पोती खरोखरच शेवटची उरली आणि भाव साडेतीनवर गेला. भागूला निरोप धाडावा तर ओढे चढलेले, खिंडीची वाट बंद.

तीन आठवड्यांनी ती आली. मी आधी चंद्रीचं विचारलं.

"सोमवारी गेली," भागू म्हणाली. "तांदूळ बारा दिस पुरवला. मग कंदं उकडून घातलं. तिच्या पोटात ठरंना."

हिने मला चार शिव्या घालाव्यात, कानफटात मारावी, असं फार वाटत होतं. तिने काहीच केलं नाही. पदराची गाठ सोडून सात रुपये शेठपुढे ठेवले.

"दोन पायल्या."

मी माप भरलं. वर शीग चढवली, इतकी की दाणे खाली ओघळायला लागले. शेठ बघत होता. बघू दे मेल्याला.

भागूने पायलीच्या काठावरून तळहात फिरवला आणि वरचा तांदूळ परत पोत्यात लोटला.

"सपाट दे, दादा," ती म्हणाली. "घरात खानारं एक मानूस कमी झालंय."

आणि तिने झोळी माझ्यापुढे धरली.