जोडकामाचे साहेब

बिंदुसरेच्या धरणात गुरं चरत होती त्या सालची गोष्ट. पालीच्या महिला गोधडी सहकारी संस्थेकडे पावसाने पाठ फिरवली होती, संशोधकांनी मात्र नाही. दोन वर्षांत तिघे येऊन गेले. ‘सर्जनशील कामाचं वातावरण’ हा त्यांचा विषय. पहिल्याने शेडच्या खिडक्या मोजल्या. दुसऱ्याने अध्यक्ष केसरबाई बायकांशी कशा बोलतात ते टिपून घेतलं. तिसऱ्या बाईंनी शिवताना मनात काय येतं ते विचारलं आणि जे सांगितलं ते सगळं खरं मानलं.

केसरबाईचं तिघांकडे एकच मागणं होतं. भर दुपारी टँकर वेशीत येई, चाळीस बायका सुया टाकून घागरी घेऊन पळत आणि दोन तास रांगेत जात. टँकर शेडच्या दारात यावा, एवढं अहवालात लिहा. तहसिलात बाईच्या अर्जापेक्षा अहवालाला मान असतो. तिघांनी मान डोलावली आणि हा आपला विषय नाही म्हणून सोडून दिलं.

मग डॉक्टर विठ्ठलराव आले. ते औषध देणारे नव्हते, तिघांनी आपापल्या अहवालात मांडलेली विखुरलेली मॉडेलं जोडून एकच करणारे होते. केसरबाईला हायसं वाटलं. जोडकाम करणाऱ्याला भोक दिसतंच, अशी तिची आयुष्यभराची समजूत.

साहेबांनी भिंतीवर तीन वर्तुळं एकमेकांत अडकवून दाखवली. यात टँकर कुठं हाय, असं तिने विचारलं. तो तिन्ही मॉडेलांत नाही, मग जोडणार कसा, असं ते समजुतीने म्हणाले. तेवढ्यात वेशीत भोंगा वाजला आणि शेड रिकामं झालं.

केसरबाईने त्यांच्या हातात घागर दिली. “चला साहेब. तुमीच बघा काय हाय ते.”

साहेब उन्हात दोन तास उभे राहिले. पुढच्या बायनाबाईने कंटाळून काडीने धुळीत वेल काढली, शेजारणीने तिच्यावर मोर बसवला. साहेबांनी घागर खाली ठेवून घाईघाईने वही काढली. सुटला एकदाचा प्रश्न, म्हणून केसरबाई मनातून सुखावली.

तीन महिन्यांनी अहवाल आला. मॉडेलात चौथं वर्तुळ होतं, तेही सगळ्यांच्या मधोमध: टँकरची रांग. नवी नक्षी रांगेतच सुचते, सबब रांगेला धक्का लावू नये, अशी शिफारस होती. तहसिलाने आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांत अंमलबजावणी केली. टँकर वेशीतच राहिला आणि रांग लवकर संपू नये म्हणून त्याच्या दोन तोट्यांपैकी एक बंद झाली.

केसरबाईला रडू आलं नाही, संताप आला, तोही जास्त स्वतःचाच. दुसऱ्या दिवशी रांगेत बायनाबाईने सवयीने काडी उचलली. केसरबाईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“फेक ती,” ती म्हणाली. “कुणी बघंल.”