अण्णांचा रुमाल आणि डोळ्यांची साथ

एकाहत्तर साली, उन्हाळा संपता संपता, सांगलीत डोळ्यांची साथ आली. डोळे पूर्वीही यायचे, पण बेताने यायचे. घरात एकाला, फार तर दोघांना. ही नवी जात निराळीच होती. सकाळी एकजण डोळे चोळत उठला की दिवेलागणीला गल्ली लाल. आजाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, असं लोकांनी ठरवून टाकलं. मग ज्याच्या त्याच्या नाकावर काळा चष्मा. नवरा-बायको भांडतानासुद्धा भिंतीकडे बघून भांडायची.

मी हळदीच्या पेठेत तोलाईला होतो. पोती तोलता तोलता माणसं तोलायची खोड लागलेली. एक माणूस मात्र माझ्या काट्यावर कधी नीट बसला नव्हता, तो म्हणजे अडत्या अण्णा. शेतकऱ्याचा माल तेच विकून द्यायचे. लहानपणी देवीत एक डोळा गेलेला. उरलेल्या एका डोळ्याने ते हळकुंड असं बघत, जणू ते खोटं बोलतंय.

सौदा व्हायचा रुमालाखाली. अण्णा हातावर रुमाल टाकत, खरेदीदार एकेक करून खाली हात घालत आणि बोटं दाबून आपला दर सांगत. कुणी किती सांगितला ते फक्त अण्णांना ठाऊक. सगळ्यात वरचा दर ते जाहीर करत. मधल्यामध्ये काही मुरत असेल का? मी म्हणायचो, मुरत असणार. अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचो. ते म्हणत, "तू आपला काटा बघ."

म्युनिसिपालिटीचे डॉक्टर पेठेत येऊन सांगून गेले, "बघण्यानं काही होत नाही. हात आणि फडकी सांभाळा. याचा हात त्याच्या हाताला, तो हात डोळ्याला, असं हे पसरतं." सगळ्यांनी काळ्या चष्म्यांआडून माना डोलावल्या आणि डॉक्टर वळताच एकाच रुमालाखाली हात घातले. वर हळदीची धूळ, म्हणजे डोळा चोळणं आलंच. आठवडा सरायच्या आत निम्मे खरेदीदार रडक्या सुनांसारखे दिसू लागले. अण्णांना डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुमच्याकडे राखीव काही नाही. जपा."

अण्णा घरी बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांच्या भरवशावर आलेला माल शेडमध्ये पडून होता, आभाळ भरत होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या बोटांवर खरेदीदारांचा विश्वास नव्हता. त्या मालात वाळव्याकडच्या बनुबाईची पोती होती. नवरा फौजेत, सरहद्दीवर. हळद लावण्यापासून शिजवून वाळवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. माल भिजला तर वर्ष वाया.

अण्णा आले, खांद्यावरचा रुमाल घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "आजपासून बोली तोंडानं."

खरेदीदार भाऊसो जवळ सरकला. "अण्णा, उघड्यावर दर वर गेला तर लोक विचारतील, इतकी वर्षं मधलं कुठं जात होतं? नाव जाईल तुमचं."

"नाव गेलं तर ऐकून घेईन. डोळा गेला तर कुणाचा मागून आणू?"

मी काटा सोडून पुढे जाऊन उभा राहिलो. हा हिशोब मला बघायचाच होता.

पहिला माल नाथाजी नावाच्या शेतकऱ्याचा. बोली सुरू झाली. एकाने दर सांगितला, शेजाऱ्याने तो ऐकून नखभर वाढवला, तिसरा त्याहून नखभर. कुणाला घाई नव्हती. समोरचा कुठवर जातो ते ऐकूच येत होतं. बोली थांबली तेव्हा दर कालच्या रुमालातल्या दरापेक्षा खाली होता. रुमालाखाली शेजाऱ्याचा आकडा कळत नाही, माल हातचा जाईल या भीतीने माणूस एकदम उडी घेतो. आणि अण्णांचं बोट त्याला आणखी थोडं ढकलतं. ते ढकलणं इतकी वर्षं शेतकऱ्याच्या पदरात पडत होतं. अण्णांच्या नावावर मी मनात जे काही मांडून ठेवलं होतं, ते सगळं खोडावं लागलं.

"या दरानं माल देत न्हाई," नाथाजी पोत्यावर बसून म्हणाला.

"माझं पोतं तर फोडूच नगा," बनुबाई पुढे आली. "आवं अण्णा, रुमाल टाका."

"बाई, मला एकच डोळा हाय."

"आन् मला एकच पीक हाय."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, तेही काळ्या चष्म्याशिवाय. मग हमालाला म्हणाले, "बादली भर. साबणाची वडी आण. आणि दुकानातनं कोरा पंचा."

खरेदीदारांत कुरकुर सुरू झाली. भाऊसो म्हणाला, "हा सौदा आहे का पंगत?"

"पंगतच समजा. हात धुतल्याशिवाय मी कुणाला वाढत नाही."

बनुबाईने पदर खोचला, तांब्या घेतला आणि बादलीपाशी उभी राहिली. लाखाची उलाढाल करणारी माणसं तिच्यापुढे ओणवी झाली.

"मनगटापातूर, भाऊसो. देवाला पाणी शिंपडल्यागत काय करताय?"

"तू माझी आई का गं?"

"आई असते तर कान धरून धुतलं असतं."

प्रत्येक खरेदीदार हात धुऊन आला, पंचाखाली घातला, बाहेर काढला. प्रत्येकानंतर अण्णांनीही हात धुतले. वेळ लागला, पण माणूस गळला नाही. शेवटी अण्णांनी बनुबाईच्या मालाचा दर पुकारला. कालच्यापेक्षा वर. बनुबाईने तोंड फिरवून पदर डोळ्यांकडे नेला, मग काही आठवून तो तसाच खाली सोडला.

पोतं फोडल्याने हळदीचा लोट उठला. अण्णांचा चांगला डोळा चुरचुरला असावा. हात वर गेला. बाईने तांब्या मध्ये आडवा धरला.

"आधी धुवा."

ज्याला पेठेत कुणी शब्द ऐकवत नसे, त्या माणसाने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. ती पाणी घालत राहिली. मागे नाथाजी पोत्यावरून उठून बाह्या सारत म्हणत होता, "माझा बी माल पंचाखाली घ्या आता. मी बी धुतो, पायजे तर पाय बी धुतो."